सातशे तीन

प्रशिक्षणात साहेब तीनदा म्हणाले,
कुलूप म्हणजे रिकामं नव्हे.
माणसं गावाला जातात, लग्नाला, दवाखान्यात,
त्यांचं घर बंद लिहायचं.
रिकामं वेगळं.
मागच्या बाकावरून पाटोळे सरांनी विचारलं, ओळखायचं कसं?
साहेबांनी घड्याळ बघितलं. चहा आला.

माझ्या वाट्याला आंबेगावच्या डोंगराकडचे तीन टॉवर.
नाव स्पॅनिश, पाणी टँकरचं.
छत्री, मार्कर, नजरी नकाशा,
दुपारपर्यंत मान टाकणारा मोबाइल.

शिकले हळूहळू.
दाराशी पडलेली पत्रकं मोजायची:
योगवर्ग, पिझ्झा, मागच्या निवडणुकीतला हात जोडलेला उमेदवार.
तीनच्या वर असली की बेल वाजवण्यात अर्थ नसतो.
तरी वाजवायची.
आत, पंखा नसलेल्या हॉलमध्ये
बेलमधला पक्षी अख्खं गाणं म्हणतो
आणि आपणच ऐकतो, बाहेरून.

तोरणाची पानं तपकिरी. गॅसचा मीटर शून्यावर.
मालक बावधनला असतात.
मालक टोरांटोला.
ह्या मालकांचे असे चार हायेत, म्याडम.
गोरोबा वॉचमनला सगळ्यांचे मालक पाठ.
तो स्वतः मीटरच्या खोलीमागं राहतो,
बायको, दोन मुलं, एक सायकल.
नंबर घालायला दार शोधलं तर पडदा.
पडद्यावर मार्कर फुटतो.
शेजारच्या भिंतीवर लिहिला.

त्याच आठवड्यात धनकवडीला
माझ्याही दारावर कुणीतरी नंबर घालून गेलं.
शेजारच्या फडणीसबाई म्हणाल्या,
दोनदा आली हो ती, बंद लिहिते म्हणाली.
अक्षर चांगलं होतं तिचं.

सातशे तीन रिकामंय, गोरोबा खालूनच म्हणाला,
लिफ्ट बंद हाय, कशाला चढता.
चढले.
सहाव्यावरच लसणाची फोडणी आली.

पत्रकं उचलून, विटेखाली नीट रचून ठेवलेली.
दार चार बोटं उघडलं.
इटालियन मार्बल अजून प्लास्टिकखाली,
प्लास्टिकवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर चटई,
आणि खिडकीच्या गजांना वाळत घातलेला शाळेचा गणवेश.

आमी इथं न्हाई म्हनून लिवा, बाई.
ठेकेदार म्हनला, फरशी होईस्तवर ऱ्हावा, पर दिसू नका.
तिचं नाव केवळाबाई, हे नंतर कळलं.
मी शिकवल्याप्रमाणे सांगितलं,
माहिती गुप्त असते, कायदाच आहे तसा.
मग झालंच की, ती म्हणाली,
आमी बी गुपितच हाव.

हसू आलं, ते दाबायला म्हणून
वर्गातल्यासारखा माझा आवाज चढला:
कोण कोण आहे आत?

आणि बाथरूमच्या दारामागून,
बोलू नको सांगितलेलं विसरून,
हजर, बाई.

शिवकांता. चौथी ड.
तीन शाळांच्या पटावर नाव,
त्यातल्या दोन ठिकाणी अजून रोज गैरहजर.
आईनं कपाळावर हात मारला
आणि त्याच हातानं मला पाणी दिलं,
पेल्याखाली बशी म्हणून
रंगाच्या डब्याचं झाकण.

मोबाइलवर दोन गोल होते.
एकावर अंगठा टेकला की दुसरा मिटतो.
मी उंबऱ्यात उभी.
ती माझ्या अंगठ्याकडे बघत होती,
मुलगी माझ्या चपलांकडे.
फोडणी जळायला लागली होती, कुणी उठलं नाही.

सात मजले उतरताना गुडघा बोलत होता.
खाली गोरोबानं खुर्ची पुढं केली.
सातशे तीन रिकामंच ना?

म्हटलं,
पाणी पिऊन आले तिथून.